प्राध्यापक दामले गैरहजर!

गेल्या वर्षीची गोष्ट. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आम्हांला अभ्यासाला होते. नाटक मनातल्या मनात वाचण्यात अर्थ नाही, ते कानांवर पडले पाहिजे, असे आमच्या सरांचे मत. म्हणून पहिल्याच तासाला त्यांनी वर्गात भूमिका वाटून टाकल्या. बेणारेबाई वाचायला चार जणी तयार होत्या. काशीकरबाई वाचायला एकही नव्हती. सुखात्मे वकिलासाठी मुलांत चढाओढ लागली. माझ्या बोलण्याला गावाकडचा हेल आहे, त्यामुळे सामंताची भूमिका विनाविरोध माझ्याकडे आली. वाटणी आटोपल्यावर सरांनी हजेरीपट उघडला, नेहमीप्रमाणे नावे पुकारली आणि शेवटी चष्म्यावरून बघत मिस्किलपणे म्हणाले, “प्राध्यापक दामले?”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, “गैरहजर, सर!”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. ज्यांना या नाटकाची ओळख आहे त्यांना या हसण्याचे कारण कळेल. दामले हे या नाटकातले असे पात्र आहे, की ज्याला एकही वाक्य नाही, प्रवेश नाही, साधी रंगमंचावर पडणारी सावलीसुद्धा नाही. वर्षभरात त्या हसण्याचा मी पुष्कळ विचार केला. त्यातून जे सुचले ते येथे मांडत आहे. मी काही नाट्यसमीक्षक नाही. रंगभूमीचा माझा अनुभव म्हणजे स्नेहसंमेलनात दोनदा पडदा ओढणे एवढाच. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक सांगतो. मुंबईच्या एका वस्तीतली हौशी मंडळी गावोगाव जाऊन अभिरूप न्यायालयाचे, म्हणजे खोट्या खटल्याचे, कार्यक्रम करीत असतात. समाजजागृती हा त्यांचा हेतू. एका गावात ती रात्रीच्या प्रयोगासाठी आली आहेत. त्यांचा एक साक्षीदार आलेला नाही, म्हणून गावातल्याच सामंत नावाच्या साध्या तरुणाला त्याच्या जागी उभे करायचे ठरते. त्याला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून वेळ घालवायला एक लुटुपुटीचा खटला सुरू होतो. आरोपी म्हणून निवडतात ती त्यांच्यातलीच शिक्षिका, लीला बेणारे. आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. सुरुवातीला सारी गंमत असते. पुढे गमतीचे दात बाहेर येतात. ही अविवाहित बाई गरोदर आहे आणि त्या मुलाचा बाप त्यांच्याच मंडळाचे सभासद, घरसंसार असलेले प्राध्यापक दामले हे आहेत, असे साक्षीमागून साक्ष उघडे पडत जाते. शेवटी न्यायाधीश काशीकर निकाल देतात, की तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. मग प्रेक्षक येऊ लागतात, मंडळींना खऱ्या प्रयोगाची आठवण होते, ती उठून तयारीला लागतात आणि बाई तेथेच पडून राहते.

१९६७ साली ‘रंगायन’ने हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट काढला. देशातल्या अनेक भाषांत ते गेले. तेव्हा नाटक मोठे आहे हे मी सांगायला नको. माझे भांडण नाटकाशी नाही, आपण त्याचा जो अभ्यास करतो त्याच्याशी आहे.

परीक्षेच्या दृष्टीने आपण जी टिपणे काढतो त्यांत एक वाक्य हमखास असते: ‘बेणारेच्या शोकांतिकेला ढोंगी समाज जबाबदार आहे.’ मीही हे वाक्य लिहिले आणि त्याला गुणही मिळाले. पण घरी आल्यावर मनात आले, की हा ‘समाज’ नाटकात आहे कोठे? पात्रांच्या यादीत तर तो नाही. यादीत आहेत काशीकर, त्यांच्या बाई, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे आणि सामंत. ही नावानिशी माणसे आहेत आणि प्रत्येकाने एक-एक कृत्य केलेले आहे. ‘समाज जबाबदार’ म्हटले की या सगळ्यांची सुटका होते. गावाची गाय मेली तर पाप कोणाच्याच माथी बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. मला वाटते, तेंडुलकरांनी हेच होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा दगड मोजून दिलेला आहे. आपण मात्र टिपणे काढताना ते सगळे दगड गोळा करून ‘समाज’ नावाच्या पोत्यात भरतो आणि पोत्याचे तोंड बांधून टाकतो.

एकेकाचा दगड पाहा. सुखात्मे हा वकील आहे, पण त्याच्याकडे पक्षकार फिरकत नाहीत. खऱ्या कोर्टात जो कधी जिंकला नाही, त्याला येथे हमखास जिंकता येईल असा खटला सापडला आहे. पोंक्षे इंटरला नापास झालेला, पण तोंडावर शास्त्रज्ञाचा आव. बेणारेने अगतिक होऊन त्याच्याजवळ जे विश्वासाने बोलले, ते तो पिंजऱ्यात उभा राहून सविस्तर सांगतो. रोकडे काशीकरांच्या अन्नावर वाढलेला. त्याला स्वतःचे मत असणे परवडतच नाही. कर्णिक नाटकवाला, दुसऱ्याचे दुःख त्याला प्रसंग म्हणून दिसते. काशीकरबाईंना मूल नाही आणि आरोपीला पिंजऱ्यात ओढून आणायला त्याच पुढे होतात. आणि स्वतः काशीकर! यांचे सामाजिक निदान असे, की मुलींची लग्ने पुन्हा लहानपणीच लावायला सुरुवात करावी, म्हणजे असली प्रकरणे होणार नाहीत. आगरकर आणि कर्वे यांनी सगळा घोटाळा करून ठेवला अशी त्यांची तक्रार आहे. ज्या चालीच्या पायी शारदा रडली, ती चाल हा समाजसेवक औषध म्हणून सुचवतो.

यांतला एकही जण राक्षस नाही. रस्त्यात भेटले तर आपण त्यांना नमस्कार करू. प्रत्येकाच्या आत एक जुने अपयश ठसठसते आहे आणि त्या ठसठशीला उतारा म्हणून त्यांना समोर एक बाई मिळाली आहे. अपयश आले म्हणून माणूस दोषी ठरत नाही. पण आपल्या अपयशाचे उसने दुसऱ्याच्या अंगावर फेडायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. तेथे समाज येत नाही.

आता एक गंमत सांगतो, कारण ती वर्गात कोणाच्या लक्षात आली नव्हती. बेणारेवर आरोप ठेवला जातो तो भारतीय दंड संहितेच्या ३०२व्या कलमाखाली. आमचे एक चुलते तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते खो खो हसले. म्हणाले, “अरे, तीनशे दोन म्हणजे खून. पोटातल्या गर्भाला ते लागत नाही.” त्यांनी मला जुने पुस्तक काढून दाखवले. आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणे म्हणजे मनुष्यवध नव्हे, असे त्याच संहितेच्या २९९व्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलेले होते. गर्भपाताचा गुन्हा वेगळा, तो ३१२व्या कलमात, आणि त्याची शिक्षाही पुष्कळ कमी. म्हणजे खटल्याचे पहिलेच पाऊल चुकलेले आहे! मंडळात एक वकील हजर असून ही चूक कोणी दाखवत नाही, कारण कोणाला कायदा हवाच नव्हता. हवे होते ते सर्वांत जड कलम. लोक जेव्हा रस्त्यावर, ओट्यावर किंवा कँटीनमध्ये न्यायालय भरवतात, तेव्हा नेहमी सर्वांत जड कलमापासूनच सुरुवात होते.

निकाल तर त्याहून विचित्र. आरोप काय, तर भ्रूणहत्या. मुळात हत्या झालेलीच नाही. गर्भ जिवंत आहे. आणि शिक्षा काय, तर तो गर्भ नष्ट करावा. म्हणजे ज्या गुन्ह्याबद्दल पकडले, तोच गुन्हा शिक्षा म्हणून कोर्टाने फर्मावला. १९६७ साली हा निकाल खरोखर अमलात आणायचा म्हटला असता, तर ज्याने बाईला मोकळे केले तो डॉक्टर आणि ती बाई अशी दोघेही ३१२व्या कलमाखाली पकडली गेली असती. गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा पुढे १९७१ साली झाला. आणि दामले? त्या संहितेत व्यभिचाराचे एक कलम होते, ४९७वे. पण ते लागू होई ते दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर. बेणारे कोणाचीच बायको नव्हती. तेव्हा दामल्यांना लागेल असे कलमच नव्हते. कायद्याच्या सगळ्या पुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती, जशी नाटकातही त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

येथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. नाटकात दामल्यांना कोर्टासमोर पुकारले जाते. पण कोणत्या नात्याने? बचावाचे साक्षीदार म्हणून! सुखात्मे, जो आता आरोपीचाही वकील झालेला असतो, त्यांचे नाव पुकारतो आणि उत्तर मिळते, की ते गैरहजर आहेत. झाले, पुढचे नाव. कोणी विचारीत नाही, की या माणसाला साक्षीदार म्हणून का बोलावता, आरोपी म्हणून का नाही? पिंजरा एकच, तो एकीसाठी केलेला, आणि ती त्यात उभी आहे. दुसऱ्याला फक्त यायला जमले नाही.

मराठीत ‘नामानिराळा’ असा एक फार चांगला शब्द आहे. दामले नामानिराळे राहिले आहेत. ते खोटे बोलत नाहीत, कारण ते बोलतच नाहीत. कोणाला छळीत नाहीत, कारण ते समोरच नाहीत. त्यांच्या वाटणीची सगळी क्रूरता इतरांनी परस्पर पार पाडली आहे. दुसऱ्या दिवशी ते आपल्या महाविद्यालयात नेहमीप्रमाणे तास घेत असतील. गुरुजनांनी क्षमा करावी, पण दामले प्राध्यापक आहेत हे मला फार खुपते. बेणारे त्यांच्या बुद्धीवर भाळली होती. त्या बुद्धीला आपण तिचे काय देणे लागतो एवढे गणित सोडवता आले नाही.

वर्गातल्या चर्चेत एका मित्राने मुद्दा काढला होता. तो म्हणाला, “दामल्याला घरसंसार आहे हे बाईंना ठाऊक नव्हते का? मग जबाबदारी दोघांची.” मुद्दा टाकाऊ नाही. बेणारेला सगळे ठाऊक होते, आणि तिने कोठेही असे म्हटलेले नाही की मला फसवले. पण हा मित्र एक गोष्ट विसरतो. जबाबदारी दोघांची होती म्हणूनच ती दोघांनी घ्यायला हवी होती. तिने तिचा वाटा घेतला. मूल जन्माला यावे, वाढावे, त्याला कोणाचे तरी नाव मिळावे म्हणून मान खाली घालून ती ज्यांना हसत आली होती त्यांच्या दारात गेली; पोंक्ष्याकडे गेली, रोकड्याकडेसुद्धा गेली. याच बाईला शाळेत कधी उशीर झालेला नाही. पहिली घंटा होते तेव्हा ती दारात असते आणि तिचा तिला अभिमान आहे. मला तर वाटते, या संपूर्ण नाटकात जबाबदार असे एकच माणूस आहे आणि नेमके तेच पिंजऱ्यात आहे. बाकीचे सगळे बेजबाबदार असून न्याय देत आहेत.

आणखी एक गोष्ट. या मंडळींनी त्या रात्री कोणता खटला चालवायचा ठरवलेला असतो, माहीत आहे? अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा! अण्वस्त्रे बनवून मानवजातीला धोक्यात आणल्याबद्दल. पहिल्या वाचनात हे मला निव्वळ विनोदी वाटले. आता वाटत नाही. जॉन्सनसाहेब दूर आहेत. त्यांना दोषी ठरवायला काही खर्च पडत नाही. ते रागावून जाब विचारायला गावात येणार नाहीत. ज्यांना साऱ्या जगाची चिंता वाहायची आहे, त्यांना बरोबर एकाच गाडीने आलेल्या, एकाच डब्यातला फराळ खाल्लेल्या बाईची चिंता वाहता आली नाही. आपणही विश्वशांतीवर निबंध लिहितो, वक्तृत्वस्पर्धेत स्त्रीमुक्तीवर टाळ्या घेतो, रक्तदान करतो. ही कामे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण दूरची जबाबदारी घेतल्याने जवळची फिटते असे जर आपण समजत असू, तर आपण काशीकरांच्या मंडळाचे सभासद झालो असेच समजावे.

आता सामंताविषयी लिहायचे आहे. हे लिहायला मी एक वर्ष टाळाटाळ केली.

सामंत हा सगळ्या टिपणांत ‘भोळा, निष्पाप, सहृदय खेडूत’ म्हणून येतो. त्याला पुतण्याचे कौतुक आहे. त्याच्यासाठी त्याने हिरवा कापडी पोपट घेतला आहे. खटल्याच्या खेळात त्याला साक्ष द्यायला सांगतात, तेव्हा सांगायचे काय हे त्याला सुचत नाही. मग तो नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीतला प्रसंग रचून सांगतो. आपण दामल्यांच्या खोलीपाशी गेलो, दार बंद होते, आतून एका बाईचा रडवेला आवाज ऐकू आला, अशा थाटाचे काहीतरी. तो कोणाचे वाईट चिंतीत नाही. त्याला वाटते, खेळ चालला आहे, आपणही आपला वाटा उचलावा. पण त्याची ती बनावट साक्षच जाऊन नेमकी वर्मी लागते. बाई कोसळते. सामंत कावराबावरा होतो. आणि मग काय करतो? काही नाही. उरलेला सगळा खटला तो तेथेच बसून पाहतो. शेवटी सर्व निघून गेल्यावर हळूच येतो, तो पोपट निश्चल पडलेल्या बाईजवळ ठेवतो आणि निघून जातो.

वर्गात मी ही साक्ष मोठ्या झोकात वाचली. मुले हसली, सर म्हणाले, “छान.” बाकावर बसलो आणि मला एकदम घाम फुटला. कारण मला आठवले, की ही साक्ष मी यापूर्वी एकदा दिलेली आहे.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी लिहिणार नाही; ती ओळखू येईल असेही काही लिहिणार नाही. ती एकाएकी महाविद्यालयात येईनाशी झाली. कँटीनमध्ये तर्क सुरू झाले. चहाच्या टेबलाभोवती सहा-सात जण होतो. एकाने एक सांगितले, दुसऱ्याने त्यात भर घातली. कोणीतरी ‘सरकारी वकील’ झाला, कोणीतरी टेबलावर चमचा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणाला. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते आणि गप्प बसण्याची लाज वाटत होती. मी तिला एकदा एस. टी. स्टँडवर पाहिले होते, एका वयस्कर माणसाबरोबर. एवढेच. मी म्हणालो, “ती रडत होती.” ती रडत नव्हती. ते मी कोठून आणले? कदाचित एखाद्या सिनेमातून, कदाचित एखाद्या कथेतून. पण टेबलाभोवती एकदम शांतता पसरली आणि सगळे माझ्याकडे आदराने पाहू लागले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनवर पोचलेले होते. चार दिवसांनी तेच वाक्य मला दुसऱ्या वर्गातल्या मुलाने सांगितले, शपथेवर, स्वतः पाहिल्यासारखे.

ती मुलगी परीक्षेलाही आली नाही. तिच्या न येण्याचे कारण काय होते ते मला आजही ठाऊक नाही. माझ्या वाक्यामुळे ती आली नाही असे मी म्हणत नाही. तो वयस्कर माणूस तिचा वडीलभाऊ असेल, मामा असेल, वडील असतील. पण तिला परत यायचे असते तर ज्या दारातून यायचे, त्या दाराला बाहेरून लागलेल्या कड्यांपैकी एक मी घातलेली होती, एवढे मात्र खरे. नंतर ज्यांना ज्यांना मी ते सांगितले होते, त्यांच्याकडे जाऊन ‘मी खोटे बोललो’ असे म्हणावे, असे अनेकदा मनात आले. गेलो नाही. तिच्या एका मैत्रिणीजवळ जाऊन तिच्या अभ्यासाच्या माझ्या वह्या मात्र दिल्या, तिला लागल्या तर द्याव्यात म्हणून. तो माझा कापडी पोपट होता.

म्हणून सामंताला ‘निष्पाप’ म्हणताना आता माझी लेखणी अडते. त्याचा हेतू निर्मळ होता, कबूल. पण ज्या क्षणी त्याला कळले, की आपल्या शब्दांनी एका जिवंत माणसाला जखम झाली, त्या क्षणापासून निष्पापपणाची मुदत संपली. तेथून पुढे त्याला उभे राहता आले असते. “अहो, हे मी पुस्तकातले सांगितले, मी दामल्यांची खोली पाहिलेलीसुद्धा नाही. हा खेळ थांबवा,” असे ठासून सांगणारे त्याच्याशिवाय तेथे दुसरे कोण होते? तो त्यांचा मिंधा नव्हता. गाव त्याचे, सभागृह त्याच्या गावाचे. त्याने आवाज चढवला असता तर मुंबईची पाहुणी मंडळी वरमलीही असती. तो चांगला माणूस होता म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा होती. सुखात्म्याकडून कोण काय अपेक्षा ठेवणार?

देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात म्हाताऱ्याशी शारदेचे लग्न ठरते, तेव्हा कोदंड नावाचा तरुण आडवा येतो. तो नुसते हळहळत नाही, लग्न मोडतो आणि जीव द्यायला निघालेल्या शारदेला वाचवतो. आपल्या समीक्षकांना कोदंड थोडा भाबडा, प्रचारकी वाटतो. असेल. पण अडुसष्ट वर्षांनंतर तेंडुलकरांनी तीच जागा रिकामी ठेवली आणि त्या जागी सामंताला बसवले. कोदंडाची जागा रिकामी आहे हे दिसावे, म्हणूनच सामंत तेथे आहे असे माझे मत आहे. ती जागा प्रेक्षकाची आहे.

यावर कोणी म्हणेल, नाटक जुने झाले. आता काळ बदलला. कायद्यापुरते हे खरे आहे. व्यभिचाराचे ते एकांगी कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरवले. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द आले. ती दंड संहितासुद्धा १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. म्हणजे सुखात्म्याने ज्या पुस्तकातले कलम लावले, ते पुस्तकच आता कोर्टात चालत नाही. पण कँटीनच्या टेबलावर जे कोर्ट भरते, त्याच्या संहितेत एका अक्षराचीही दुरुस्ती झालेली मला दिसली नाही. तेथे अजूनही आरोपी बाईच असते, बापाला बचावाचा साक्षीदार म्हणून पुकारतात, तो गैरहजर असतो आणि सामंत चहा पीत बसलेला असतो.

मग करायचे काय? मोठे उपाय सांगण्याचा माझा अधिकार नाही. दोनच गोष्टी सुचतात. एक, जेव्हा कोणाविषयी असा खटला उभा राहील, तेव्हा ‘दामले कोठे आहेत?’ असा प्रश्न एकाने तरी मोठ्याने विचारावा. उत्तर मिळणार नाही, पण पिंजऱ्यातल्या एकटीला एवढे कळेल, की कोणीतरी दुसऱ्या नावाचीही आठवण ठेवली आहे. दुसरी गोष्ट, जे पाहिले नाही ते पाहिले म्हणू नये. आणि म्हटले गेलेच, तर जेथे म्हटले तेथेच ते परत घ्यावे. त्याला पोपट चालत नाही.

दुसऱ्या गोष्टीची सुरुवात मी येथे करतो. त्या दिवशी कँटीनमध्ये मी जे सांगितले ते खोटे होते. ती मुलगी स्टँडवर रडत नव्हती. ती एस. टी.ची वाट पाहत उभी होती आणि मला पाहून तिने ओळखीचे हसून हात केला होता.

हा अंक दरवर्षी माजी विद्यार्थ्यांच्या घरीही जातो. तिच्या घरी जातो की नाही, मला माहीत नाही. पण त्या टेबलाभोवतीच्या सहा-सात जणांच्या हातांत तो नक्की पडेल.

— तृतीय वर्ष कला (मराठी)